खांद्याखालचं घर

सध्या मी दाढी गुडघ्यांवर बसून करतो. आरशासमोर नीट उभा राहिलो तर त्यात फक्त पोट दिसतं, आणि पोटाकडे बघत दाढी करता येत नाही, हे मी दोनदा रक्त सांडून सिद्ध केलं आहे. घड्याळ सोफ्याच्या पाठीमागे गेलंय. किती वाजले हे पाहायचं तर समोर बसलेल्या पाहुण्याला 'जरा पुढे सरकता का' म्हणावं लागतं, आणि पाहुण्याला वाटतं, आपल्याला निघायची सूचना झाली. दोन पाहुणे चहा न घेता गेले. एक तर नातेवाईक होता, त्याचं एवढं वाईट वाटलं नाही.

हौस म्हणून कुणी असं घर मांडत नाही. झालं असं की बायकोला पुन्हा दिवस गेले.

'पुन्हा' हा शब्द मी सहज लिहिला, पण आमच्या घरात तो सहज कुणी उच्चारत नाही. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात बाळ पोटातच गेलं. त्याच्या आदल्या रविवारी आम्ही हॉलला पडदे लावले होते. ती स्टुलावर आणि मी स्टूल धरून. ती हॉस्पिटलमधून रिकाम्या हातांनी घरी आली तेव्हा समोरच्या काकू भेटायला आल्या. काकू वाईट नाहीत. तिचा हात हातात घेऊन त्या बराच वेळ काही न बोलता बसल्या, आणि काकूंच्या बाबतीत काही न बोलणं म्हणजे केवढा त्याग, हे अख्खी इमारत सांगेल. उठता उठता मात्र त्यांची नजर खिडकीकडे गेली.

"पडदे नवीन दिसतायत," त्या म्हणाल्या. "कधी लावलेस गं?"

एवढंच. पण पोटुशीनं हात वर नेले की बाळाला नाळ गुंडाळते, असं म्हणतात, आणि त्या दिवसापासून बायकोनं खांद्याच्या वर हात नेला नाही. ती शाळेत भूमिती शिकवते. तेव्हापासून ती फळ्याचा खालचा अर्धा भागच वापरते, त्यामुळे तिच्या वर्गातले सगळे त्रिकोण बुटके निघतात. मुख्याध्यापिकाबाईंनी एकदा विचारलं, तर म्हणाली, खांदा दुखतो. स्टूल मी धरलं होतं, तरी माझ्या हातांची मात्र आजवर कुणी चौकशी केलेली नाही.

तर दुसऱ्या खेपेची बातमी कळली आणि दोनेक महिन्यांनी माझी आई माझ्या बहिणीकडचा मुक्काम हलवून आमच्याकडे आली. दारात बॅग ठेवायच्या आधीच ती वर बघायला लागली. मला वाटलं, जळमटं बघतेय. संध्याकाळपर्यंत तिनं निकाल दिला.

"खांद्याच्या वर घरात काही राहता कामा नये. वर काही नसलं की हात वर जायचा प्रश्नच नाही."

मी फॅक्टरीत पंखे तपासण्याच्या खात्यात आहे. छताला पंखा टांगणं आणि त्याच्याकडे मान वर करून बघणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे हा हुकूम मला व्यक्तिशः लागला. पण बायकोनं मान डोलावली, आणि त्या दोघींचं एकमत झालं की माझं मत विचारात घ्यायची आमच्याकडे पद्धत नाही.

आधी डबे खाली आले. फळीवरचे डबे जमिनीवर भिंतीलगत रांगेत उभे राहिले आणि पहिल्याच सकाळी मी मिठाच्या डब्याला ठेचकाळलो. मग खुंट्या, आरसा, घड्याळ, कपडे वाळत घालायची दोरी. दोरी खाली आल्यावर माझ्या पँटी जमिनीवर लोळू लागल्या आणि वाळायच्या आधीच मळू लागल्या. सुतार आला, त्यानं सगळं घर फिरून पाहिलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "साहेब, घर बुटक्या माणसाला भाड्यानं देताय का?" मी हो म्हणालो. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

इथवर ठीक होतं. पण खांदा म्हणजे नेमका कुठे, यावरून घोडं अडलं. आईनं अंदाजानं खडूची खूण केली होती. खालच्या मजल्यावरचे काका त्याच वेळी आमच्याकडून पेपर न्यायला आले. यांची सगळी हयात जमीनमोजणीच्या खात्यात गेली; इमारतीत त्यांना मोजणीकाकाच म्हणतात. खडूची खूण बघून त्यांना गलबलून आलं.

"असं अंदाजपंचे काम नको, वहिनी," ते आईला म्हणाले. "हद्द म्हणजे हद्द."

दुसऱ्या दिवशी ते पाणी भरलेली पारदर्शक नळी, पट्टी आणि कानामागे पेन्सिल घेऊन हजर झाले. बायकोचा खांदा चपला घालून मोजायचा की अनवाणी यावर त्यांची आणि काकूंची चांगलीच जुंपली. काकू चपलांच्या बाजूनं होत्या. शेवटी अनवाणी ठरलं, आणि मग नळीचं एक टोक मी धरायचं, दुसरं त्यांनी, असं करत आम्ही हॉल, खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर सगळीकडून पेन्सिलीची एक सरळ रेघ फिरवली. ती रेघ दारं ओलांडून गेली, कपाटावरून गेली, फ्रिजवरून गेली. फ्रिजचा वरचा कप्पा रेघेच्या वर राहिला आणि आमचा बर्फ हद्दपार झाला. "समतल अगदी तंतोतंत आहे," मोजणीकाका रेघेकडे बघत म्हणाले. निवृत्त झाल्यापासून इतकं खूश मी त्यांना पाहिलं नव्हतं.

विजेची बटणंही रेघेच्या वर निघाली. बटणं खाली घ्यायची म्हणजे भिंत फोडायची, आणि भिंत फोडायची म्हणजे सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी. मी अर्ज दिला. अर्ज परत आला, कारण लिहिलं नव्हतं. मी 'घरगुती सोय' असं कारण लिहिलं. पुन्हा परत आला, सोय कुणाची हे लिहिलं नव्हतं. मग मी स्वतःच जाऊन उभा राहिलो. सेक्रेटरी म्हणजे नियमांचं चालतंबोलतं कपाट. त्यांनी चष्मा लावून एक फाईल उघडली.

"बटणं खाली घेता येणार नाहीत. लहान मुलांचा हात पोचता कामा नये, असा नियम आहे. तुमच्या घरात लहान मूल आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

"मग काय हरकत नाही."

"म्हणजे होणार आहे."

"मग हरकत आहे. पहिलंच का?"

याचं उत्तर मला देता येईना. पहिलं म्हणावं तर जे होतं ते नाकारल्यासारखं, दुसरं म्हणावं तर हे विचारणार, थोरलं कितवीत आहे. मी मूग गिळून उभा राहिलो. सेक्रेटरींना वाटलं, मला प्रश्न कळला नाही, म्हणून त्यांनी तो मोठ्यानं पुन्हा विचारला. मी 'अर्ज मागे घेतो' म्हणून जिना चढलो. तेव्हापासून आमच्याकडे दिवे लावायचं आणि मालवायचं काम माझं. बायकोला अंधार वाटला की ती हाक मारते.

एक मात्र खरं. रेघ आल्यापासून तिला झोप लागू लागली होती. आधीचे महिने ती जागीच असायची. मी याचं श्रेय आमच्या फॅक्टरीच्या नव्या पंख्याला दिलं आणि तसं खात्यात सांगितलंही.

पण माझा स्वभाव तपासणीखात्याचा. आमच्याकडे बंद पडलेला पंखा टेबलावर येतो, त्याला लाल चिठ्ठी लागते, तो उघडला जातो आणि कारण सापडल्याशिवाय टेबलावरून हलत नाही. गुंडाळी जळलेली असेल, बेअरिंग गेलेलं असेल, काहीतरी असतंच. 'कारण नाही' असं लिहिणाऱ्याला साहेब दाराबाहेर उभं करतात. हात वर केल्यानं बाळ जातं याला पुरावा काय, हा प्रश्न माझ्या डोक्यात किड्यासारखा वळवळत होता. मला वाटलं, एकदा जाणत्या माणसाच्या तोंडून 'असं काही नसतं' एवढं ऐकवलं की बायको मोकळी होईल, आणि ओघानं मी उभ्यानं दाढी करू लागेन. दोन्ही हेतू होते, खोटं कशाला बोलू.

आमच्या प्रसूतिगृहात होणाऱ्या आईबापांसाठी वर्ग चालतो. त्यात एक दिवस घरच्या वडीलधाऱ्यांनाही बोलावतात. मी आईला तयार केलं. आई जाते म्हटल्यावर काकू निघाल्या. काकू जातात म्हटल्यावर मोजणीकाका, "मी आपला सोबतीला," म्हणून पट्टी खिशात घालून निघाले. पोटुशा बायकोला घेऊन असं वऱ्हाड बसमधून जाताना पाहून कंडक्टरनं विचारलं, "सगळे हॉस्पिटलला?"

वर्ग एका लांबट खोलीत होता. भिंतीवर पोटातल्या बाळांची चित्रं, टेबलावर एक प्लॅस्टिकची बाहुली. शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई मला पाहताक्षणी आवडल्या, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य 'याला पुरावा आहे' किंवा 'याला पुरावा नाही' असं संपायचं. फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांना पुरावा आहे. घरात कुणी सिगारेट न ओढण्याला पुरावा आहे. शेवटच्या तीन महिन्यांत कुशीवर झोपण्याला पुरावा आहे. दोघांचं जेवण एकटीनं जेवायला पुरावा नाही. हे ऐकून काकूंनी जोरात श्वास सोडला.

"आणि बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटली," बाई म्हणाल्या, "तर उद्या बघू म्हणायचं नाही. कुणी वेड्यात काढील म्हणून लाजायचं नाही. सरळ यायचं. आम्ही त्यासाठीच बसलोय."

मग प्रात्यक्षिकं झाली. आईनं बाहुलीला अंघोळ घालून दाखवली आणि बाहुलीची मान फार ताठ आहे अशी तक्रार केली. कळा येताना श्वास कसा घ्यायचा हे मोजणीकाकांनी इतकं मनापासून करून पाहिलं की त्यांना घेरी आली. त्यांना खुर्च्यांवर आडवं करून, वारा घालून, पाणी पाजून भानावर आणेपर्यंत खोलीतल्या तीन गर्भार बायका त्यांच्या सेवेला लागल्या होत्या. माझी बायकोसुद्धा हसली. ती हसलेली पाहून मला वाटलं, हीच वेळ.

प्रश्न विचारायला मी हात वर केला. आमच्या इमारतीतले तिघंही दचकले.

"खांद्याच्या वर हात नेल्यानं बाळाला काही होतं का?" मी मुद्दाम मोठ्यानं विचारलं.

"अजिबात नाही," बाई म्हणाल्या. "त्यानं नाळ गुंडाळत नाही, बाळाला काही होत नाही. कपडे वाळत घाला, फळा पुसा. तोल जाऊन पडायला नको म्हणून उंचावर तेवढं चढू नका. बाकी याला काडीचा पुरावा नाही."

निकालाच्या दिवशी पहिला आलेल्या मुलासारखा मी बायकोकडे वळलो. तिचा चेहरा उतरला होता. ती खुर्चीचा आधार घेऊन उठली.

"मग कशामुळे होतं?"

"काय कशामुळे होतं?"

"सातव्या महिन्यात," ती म्हणाली. "जातं ते."

डॉक्टरीणबाईंनी हातातली बाहुली टेबलावर ठेवली आणि त्या तिच्याजवळ आल्या.

"कधी कारण सापडतं. वारेचं असतं, रक्तदाबाचं असतं, जंतुसंसर्गाचं असतं. तुमच्या तपासण्या झाल्या होत्या?"

"सगळ्या. काही सापडलं नाही."

"मग मी तुम्हाला खोटं सांगणार नाही. बऱ्याचदा सगळं तपासूनही कारण सापडत नाही. पण तुम्ही काही केलंत म्हणून झालं, असं नाही. तुमच्या हातून काही झालेलं नाही."

बायको 'बरं' म्हणाली आणि खाली बसली. मला मात्र ते उत्तर पटेना. ज्या टेबलावर मी आयुष्य काढलं तिथे असं उत्तर चालत नाही. आणखी एकदा नीट बघा, असं त्या बाईंना सांगावंसं वाटलं. पण कुठे बघायला सांगणार होतो?

बसथांब्यावर काकू बायकोच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. रुमालाची घडी करत होत्या, मोडत होत्या.

"मी आपलं सहज विचारलं होतं गं तेव्हा."

"माहीत आहे, काकू."

"पडदे छान होते, म्हणून विचारलं."

बायकोनं त्यांच्या हातावर हात ठेवला. बस आली तेव्हा काकू आधी चढायचं विसरल्या, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

घरी आल्या आल्या मी खोडरबर शोधून काढलं. हॉलच्या कोपऱ्यापासून रेघ पुसायला लागलो. हातभर पुसली असेल नसेल, तोच बायको म्हणाली, "राहू दे."

"अगं, पण ऐकलंस ना? काही संबंध नाही. तुझा काही दोष नव्हता."

"ऐकलं." ती भिंतीला टेकून उभी होती. "हातांमुळे झालं असतं तर बरं होतं रे. या खेपेला हात खाली ठेवले असते की झालं. आता काय खाली ठेवू?"

ती आत गेली. मी खोडरबर हातात धरून तसाच. पुराव्यानिशी एवढा तोंडघशी पडलेला माणूस मी तरी पाहिला नाही.

आई स्वयंपाकघरात डब्यांमध्ये फतकल मारून भाजी निवडत होती. मी तिच्यासमोर बसलो, कारण बसल्याशिवाय आमच्या घरात आता काहीच करता येत नाही.

"तू तरी बोल," मी म्हणालो. "तुझाच नियम होता ना?"

"मला काय कळत नव्हतं?" आई मान वर न करता म्हणाली. "तुम्हा दोघांच्या वेळी नववा महिना लागला तरी मी काठीनं उंच दोरीवर कपडे टाकत होते. काय झालं तुम्हाला? तू थोडा बिघडलास, पण ते नंतर."

"मग हे सगळं कशाला?"

"ती मला फोन करून रडायची. आई, मी काय करू, मी काय केलं म्हणजे हे राहील? रोज तेच. झोप नाही, जेवण नाही. मी तिला काय देणार होते? करायला काहीतरी दिलं. पडद्यांमुळे गेलं असं मी एकदाही म्हटलेलं नाही, हे लक्षात ठेव."

तिच्या झोपेचं श्रेय मी खात्यात पंख्याला दिलं होतं, ते मला आठवलं.

"तू खरं आणलंस ते बरंच केलंस," आई म्हणाली. "तिनं स्वतःला दोष लावलेला मलाही बघवत नव्हता, आणि मी गप्प राहिले ते काही बरोबर नव्हतं. पण घरी नीट जवळ बसून विचारायचं होतंस तिला. चारचौघांत हात वर करून कसलं रे विचारतोस?"

मी दोन डबे उगाच सरळ केले.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. तिची झोप पुन्हा उडाली. हात वर न्यायची तिला आता मुभा होती, पण ती खुर्चीत बसून असायची, हात मांडीवर ठेवून, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. मोजणीकाका रेघेची चौकशी करून गेले. मी 'आहे अजून' म्हणालो, त्यांना बरं वाटलं. मी रोज काहीतरी समजुतीचं बोलायचो आणि रोज ते कमी पडायचं. मग माझ्याजवळचं बोलणंच संपलं. माझ्या बाबतीत असं क्वचित होतं.

रविवारची दुपार होती. ती कुशीवर पडली होती, मी खाली जमिनीवर तिच्या पलंगाला टेकून बसलो होतो. बाळ हलत होतं. तिनं माझा हात ओढून पोटावर ठेवला होता.

"तिचे कान तुझ्यासारखे होते," बायको म्हणाली.

"कुणाचे?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला कळलं.

मुलगी होती हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण दोन वर्षं आम्ही 'ते' म्हणत होतो. ते झालं तेव्हा, त्या वेळचं, मागच्या खेपेचं. तिला 'ती' कुणी म्हटलं नव्हतं. मी तिला पाहिलं नाही. वडिलांनी पाहू नये, फार त्रास होतो, असं म्हणून मोठ्यांनी मला हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर बाकावर नेऊन बसवलं होतं, आणि वर हिनं एकटीनं पाहिलं होतं.

"मोठे?" मी विचारलं.

"मोठे. आणि जरा पुढे आलेले."

या कानांवरून मी शाळेत काय काय ऐकून घेतलंय, ते माझं मला माहीत. त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं, बरं झालं ते आहेत. मग मी रडलो. चांगला हुंदके देऊन रडलो, आणि बायको कुशीवर पडल्या पडल्या माझ्या केसांतून हात फिरवत राहिली.

दारात आई उभी होती. हातात घड्या घातलेले कपडे होते. ते तिनं तिथेच खाली ठेवले आणि स्वतःही जमिनीवर बसली.

"आणि नाक?" तिनं विचारलं.

"नाक तुमचं, आई."

आईनं स्वतःच्या नाकाला हात लावला, आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती.

"म्हणजे चांगलं होतं," ती म्हणाली. "याचं घेतलं असतं तर पंचाईत होती."

बायको हसली, आणि हसता हसता तिला रडू फुटलं. दोन वर्षांत ती आमच्यासमोर अशी रडली नव्हती.

"केस खूप होते," ती सांगू लागली. "काळेभोर, कपाळावर आलेले. मुठी मिटलेल्या होत्या. मी एक उघडून पाहिली. नखंसुद्धा आली होती, आई."

"मला इतके दिवस का नाही गं सांगितलंस?"

"कुणी विचारलंच नाही," बायको म्हणाली. "सगळ्यांनी कशामुळे तेवढं विचारलं."

आई बसल्या बसल्या पुढे सरकली आणि तिनं पलंगाच्या कडेवर हनुवटी टेकली.

"मी विचारते आता," ती म्हणाली. "डोळे कसे होते गं? मिटलेले होते, तरी पापण्या दिसल्या असतील ना?"